लक्ष्मणच्या नावापुढचा आकडा

शोभाबाई आली तेव्हा तिच्या हातात जेवणाचा डबा होता. चौकशीसाठी बसवून ठेवलेल्या भावासाठी पोलीस चौकीत नेलेला तो डबा न उघडताच परत आला होता.

"सकायले मना भाऊले अटक करतीन, ताई," ती म्हणाली आणि खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभी राहिली. "त्याना हातखाल मुंगीबी मरत नही, अन त्यानी माणूस मारा म्हणतस!"

सुरतच्या लिंबायतमध्ये साडीफॉलच्या दुकानावर मयुरी सोनवणेची ही एवढीशी खोली. मयुरी पूर्वी विमा कंपनीसाठी नुकसानीची तपासणी करायची. जळालेली गोदामं आणि अपघातात गेलेली माणसं पाहण्यात तिची दहा वर्षं गेली. आता ती खाजगी तपास करते. तिचे मामा शालिग्राम रिक्षा चालवतात, तिला गावभर फिरवतात आणि तिच्या निम्म्या केसेस आपणच सोडवतो अशी मनोमन खात्री बाळगून असतात. आजही ते कोपऱ्यातल्या स्टुलावर आपलंच ऑफिस असल्यासारखे बसले होते.

हकीकत सरळ होती आणि ऐकताना अंगावर काटा येत होता. शोभाबाईचा भाऊ लक्ष्मण नवागामच्या एका खात्यात कामाला होता. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. आषाढापासून त्या खात्यात कारीगरांना चक्कर येऊ लागली. कधी एक पडायचा, कधी चार-पाच. आणि गेल्या आठवड्यात योगराज नावाचा कारीगर जेवणाच्या सुट्टीत माळ्यावर झोपला तो उठलाच नाही. त्याआधी त्याला चहा नेऊन दिला होता लक्ष्मणनं.

"चहा काय कोणीही देतं," शालिग्राम म्हणाले.

शोभाबाईनं पदराखालून एक छापील कागद काढला. "हाऊ रिपोर्ट शे. शेठनी भाचीनी बनाडेल. यामाच लिखेल शे, मना भाऊ लखन खात्यामा ऱ्हास तवयच माणसं पडतस."

मयुरीनं कागद वाचला आणि मामांकडे दिला. शालिग्रामांनी चष्मा लावला. खात्यात प्रत्येक पाळीला किती माणसांना चक्कर आली आणि त्याला कोणतं कारण किती जबाबदार, याचा तो हिशेब होता. उकाडा, हवेतला दमटपणा, जनरेटर आणि लक्ष्मणची हजेरी अशी चार कारणं. प्रत्येकापुढे एक आकडा. लक्ष्मण हजर असला की पाळीमागे सरासरी अर्धा माणूस जास्त पडतो. जनरेटरपुढे होता शून्य दशांश शून्य दोन. खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष होता: 'सर्वांत प्रबळ कारण लक्ष्मणची हजेरी. जनरेटरपेक्षा त्याचा परिणाम पंचवीस पट.'

"पंचवीस पट!" शालिग्रामांचा आवाज खाली आला. शोभाबाईसमोर बोलवेना, पण त्यांच्या मनात लक्ष्मणचं काही खरं उरलं नव्हतं.

"मामा, हा जनरेटरचा आकडा कशामागे आहे?" मयुरीनं विचारलं.

शालिग्रामांनी पुन्हा वाचलं. "मिनिटामागे. जनरेटर चालल्याच्या दर मिनिटामागे, असं लिहिलंय."

"बरं. रिक्षा काढा."

*

खात्यात शिरताच शालिग्रामांच्या कानाचे पडदे हलले. दोन रांगांत लूम धडधडत होते आणि बोलायचं तर समोरच्याच्या कानाशी तोंड न्यावं लागत होतं. सूत उडू नये म्हणून खिडक्या बंद. मागच्या बाजूला लाकडी माळा, आणि माळ्याखाली अंधारात एक जुना जनरेटर बसला होता. त्याची धुराची नळी वर चढत माळ्यावरच्या झडपेपर्यंत गेली होती.

मॅनेजर पांडुरंग लूमच्या मधोमध उभा राहून एका कारीगराला सुताची तुटलेली तार जोडायला शिकवत होता. पन्नाशीचा, स्वच्छ शर्ट, बोलायला गोड.

"बोला बेन. पोलिसांना सगळं सांगून झालंय, तरी तुम्ही विचारा."

"जनरेटर आत कसा?"

"पावसामुळे. पूर्वी बाहेर ओट्यावर होता. आषाढात भिजायला लागला, म्हणून आत घेतला. धूर झडपेतून बाहेर जातो, बराबर सोय केली आहे."

"तो चालवतं कोण?"

"लक्ष्मणच. दुसऱ्या कोणाला जमत नाही. त्याची पाळी नसताना लाईट गेली तर लूम बंदच राहतात. लाईट गेली की मी सांगतो, तो चालू करतो."

"तुम्हाला कधी चक्कर आली?"

पांडुरंग हसला. "देवाची कृपा. जनरेटर चालू झाला की मी बाहेर चहाच्या टपरीवर जातो. मला तो आवाज सहन होत नाही." आणि त्यानं वळून लूमच्या गदारोळात कारीगराला ओरडून दुसरी तार दाखवली.

"लक्ष्मण सुट्टीवर असताना काय व्हायचं?"

"तो सुट्टी घेतच नाही. वर्षातून एकदा कानबाईच्या सणाला गावी जातो, पण तेव्हा खातंच बंद असतं. अर्धी सुरत प्रसादाचे रोट खायला गेलेली असते."

शालिग्रामांनी मान डोलावली. कानबाईला ते स्वतः तीन दिवस रिक्षाला हात लावत नाहीत. श्रावणातल्या त्या रविवारी खान्देशी माणसानं सुरतेत काम करावं, ही कल्पनाच त्यांना पटण्यासारखी नव्हती.

मयुरी माळ्यावर गेली. शालिग्राम धापा टाकत मागून. वर एक चटई, एक उशी, कोपऱ्यात कापडाचे ताके. भिंतीत पत्र्याची झडप होती. ती लावताना शालिग्रामांची बोटं काळी झाली.

"आतल्या बाजूनं काजळी आहे," ते रुमाल शोधत पुटपुटले. "बाहेरच्या बाजूनं असायला हवी ना? की आतूनच?"

मयुरीनं बोटानं काजळी खरवडून पाहिली. तिनं झडप पुन्हा उघडली आणि बाहेरचा उजेड आत येऊ दिला. शालिग्रामांना ती जागा मुळीच आवडली नाही. उशीवर अजून डोक्याचा खळगा होता आणि त्याकडे पाठ करून उभं राहावं की तोंड, हे त्यांना ठरवता येईना.

खाली बाबुराव नावाचा नांदेडकडचा कारीगर त्यांना भेटला. योगराजशी त्याचं लूमवरून वाजलं होतं, हे पांडुरंगनं आवर्जून सांगितलं होतं. शालिग्रामांनी लगेच त्याच्यावर डोळे रोखले.

"भांडण व्हतं, पण मैतर व्हता," बाबुराव म्हणाला. "म्याच पायलं त्याला पयलं. झोपल्यावानी पडलेला. त्वांड लालसर. मेलेला मानूस पांढरा पडतो ना? ह्यो लाल. मला वाटलं, ताप हाय."

"त्या वेळी खात्यात कोण होतं?"

"कुणीच न्हाई. आमी समदे बाहेर जेवाया. मशिनी बंद. आत नुसता जनरेटर तडतडत व्हता."

"योगराज काही बोलला होता, त्याआधी?"

"डोकं दुखतंय म्हनला. मंग पांडुरंगशेठ बोलले, वर जाऊन पड. आन त्याच्या आदल्या दिवशी पांडुरंगशेठम्होरंच म्हनला व्हता, मोठे शेठ आले की सांगतो, जनरेटर बाहेर काढा, ह्यो धूर डोक्यात जातोय. मी म्हनलं, सुरतंत धूर कुठं न्हाई?"

"तुम्हाला आली होती चक्कर?"

"दोनदा. एकदा श्रावणात, कानबाईच्या वक्ताला. आमच्यात कानबाई नसती, आमी मराठवाड्याचे. खानदेशी समदे गावी, आमी मोजकेच कामावर. लाईट गेली, पांडुरंगशेठनी सोता खटपट करून जनरेटर चालू केला. तवा माझ्यासकट तिघं आडवे."

शालिग्रामांच्या डोक्यात काहीतरी खटकलं, पण काय ते हाती लागण्याआधीच मयुरी बाहेर निघाली होती.

बाहेर ओट्यावर, जिथे पूर्वी जनरेटर होता तिथे, बायका साड्यांवर खडे चिकटवत होत्या. त्यांची मुख्य इंदुबाई ही पांडुरंगची बायको. बोलकी बाई. तिनं पाणी दिलं आणि पंख्याखाली बसवलं.

"ही जागा ह्यांनीच मिळवून दिली मला. नाहीतर भाड्याची खोली कुठून आणणार होते? जाणार नाही म्हणे ही जागा आता, काही झालं तरी."

"उकडत नाही पत्र्याखाली?" मयुरीनं विचारलं.

"लाईट असली की पंखा आहे. गेली की मरण. आमचा पंखा जनरेटरच्या लाईनवर नाही, घामाच्या धारा लागतात, खडे हातातून सुटतात."

"योगराज गेला त्या दुपारी तुम्ही इथेच?"

"इथेच की. पंख्याखाली डबे सोडले होते आम्ही. मोबाईलवर गाणी लावली होती, म्हणून आतलं काही कळलंच नाही. बाबुराव ओरडला तेव्हा धावलो." तिचे डोळे पाणावले. "चांगला होता हो तो पोरगा."

तिला खरंच वाईट वाटत होतं, आणि शालिग्रामांनाही तिच्याबद्दल माया वाटली.

*

खात्याचे मालक गजेंद्रशेठ रिंगरोडच्या मार्केटमध्ये दुकानात बसत. स्वतः एकेकाळी लूमवर उभे राहिलेले खान्देशी गृहस्थ. आता गादीवर बसून थकलेले दिसत होते. शेजारी त्यांची भाची स्वाती लॅपटॉप घेऊन बसली होती. ती संख्याशास्त्र शिकत होती आणि रिपोर्ट तिचाच होता.

"जनरेटर कुठे ठेवलाय तुमचा?" मयुरीनं शेठना विचारलं.

"ओट्यावर. पत्रा मारून दिलाय मी त्याला. वैशाखात आखाजीच्या पूजेला गेलो तेव्हा पाहिला. त्यानंतर गुडघ्यांनी जाऊ दिलं नाही, सगळं पांडुरंग बघतो. रिपोर्टही त्याच्याच हातून आला मला."

"कधी आला?"

"योगराज गेल्यावर. पोलिसांना त्यानंच नेऊन दिला. मी स्वातीला सांगितलं होतं त्याच्या कितीतरी आधी, पोरं का पडतात ते शोध म्हणून."

स्वाती चुळबुळली. मयुरी तिच्याकडे वळली. "पहिला रिपोर्ट कधी दिला होतास?"

"तो कच्चा होता," स्वाती म्हणाली. "पोळ्याच्या सुमाराला. पांडुरंगकाकांकडे दिला. मग घटना झाली, आणि काका म्हणाले, नवीन दिवस घालून पुन्हा कर. थोड्या दुरुस्त्याही सांगितल्या."

"पहिल्या रिपोर्टमध्ये जनरेटर मिनिटांत होता?"

"नाही, तासांत. सगळे तासांतच सांगतात ना, दोन तास लाईट नव्हती, तीन तास नव्हती. काका म्हणाले मिनिटांत कर, जास्त बारीक दिसेल. एकक बदललं तरी गणित तेच राहतं, म्हणून मी केलं."

"आणि कानबाईचे दिवस?"

"ते काढायला सांगितले. खातं बंद होतं, जे आले ते साफसफाईला, असं म्हणाले. मीही कानबाईला घरीच होते, शंका कशाला घेऊ?" ती थांबली. "मॅडम, माझं काही चुकलं का?"

"संध्याकाळी पाळी बदलताना खात्यावर ये. दोन्ही रिपोर्ट आण. शेठ, तुम्हीही या, गुडघे दुखले तरी. मी फौजदारांना बोलावते."

रिक्षात शालिग्रामांनी विचारलं, "शेठच ना? पोरीला हाताशी धरून?"

"मामा, तुम्ही कापडाच्या गावात जन्म काढलात. एक सांगा. एका मीटरचा भाव आणि एका ताक्याचा भाव, कोणता आकडा मोठा?"

"ताक्याचा. ताक्यात शंभर मीटर असतं."

"मग मीटरवर विकलं म्हणून कापड स्वस्त झालं का?"

शालिग्रामांनी सिग्नलला ब्रेक दाबला आणि हिरवा होऊन मागचे हॉर्न वाजेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

*

संध्याकाळी लूम थांबवले तेव्हा आलेली शांतता शालिग्रामांना आवाजापेक्षा जड वाटली. फौजदार घड्याळाकडे बघत उभे होते. गजेंद्रशेठ स्टुलावर बसले होते आणि माळ्याखालच्या जनरेटरकडे पुन्हा पुन्हा पाहत होते. पांडुरंगनं सगळ्यांना चहा मागवला. शोभाबाई दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. उद्याची सकाळ तिच्या भावाची कशी जाणार, हे आता या खात्यात ठरणार होतं.

"साहेब," मयुरी म्हणाली, "तुमच्याकडच्या कागदात लक्ष्मणपुढे अर्धा आहे आणि जनरेटरपुढे शून्य दशांश शून्य दोन. दोन्ही आकडे खरे आहेत. खोटी आहे ती त्यांची तुलना. लक्ष्मण एक तर हजर असतो, नाहीतर नसतो. त्याची उडी एवढीच, अर्ध्या माणसाची. पण जनरेटर काही एक मिनिट चालत नाही. तो एकेका पाळीत चार-चार तास चालतो. मिनिटाचा आकडा चार तासांना लावला की जवळजवळ पाच माणसं होतात. कारणांची ताकद तोलायची तर आधी प्रत्येक कारण एरवी किती वर-खाली होतं ते बघावं लागतं, आणि त्या मापानं आकडे एका काट्यावर आणावे लागतात. नाहीतर मीटरचा भाव ताक्याच्या भावाशी लावल्यासारखं होतं."

"पण अर्धा तर अर्धा," फौजदार म्हणाले. "लक्ष्मणचा काहीतरी हात दिसतोच ना?"

"कारण जनरेटर तोच चालवतो. दोघं नेहमी एकत्र. गणिताला कळत नाही की माणसं कोणामुळे पडली, म्हणून ते दोष थोडा-थोडा वाटून देतं. त्यांना वेगळं बघायला असा दिवस हवा की जनरेटर आहे आणि लक्ष्मण नाही. तसे दिवस होते. कानबाईचे. आपण खान्देशी माणसं समजतो की कानबाईला सगळं जग घरी असतं. बाबुरावांच्यात कानबाई नसते. ते कामावर होते, लक्ष्मण गावी होता, जनरेटर चालला आणि तिघं पडले. तेच दिवस रिपोर्टमधून काढले गेले. स्वाती, ते दिवस परत घाल."

स्वातीची बोटं लॅपटॉपवर फिरली. शालिग्राम तिच्या खांद्यावरून पाहत होते. लक्ष्मणच्या नावापुढचा आकडा बदलला. अर्ध्याचं जवळजवळ शून्य झालं. शोभाबाईला गणित कळलं नाही, पण स्वातीचा चेहरा कळला, आणि तिनं दाराची चौकट घट्ट धरली.

"चूक झाली असेल," पांडुरंग म्हणाला. "मी अडाणी माणूस. जनरेटरमुळे झालं असेल तर तो अपघात. वाईट झालं, पण अपघात."

"अपघात असता तर बरं झालं असतं," मयुरी म्हणाली. "योगराजचा चेहरा लाल होता. कोंडलेल्या धुरातल्या वायूनं मेलेला माणूस तसा दिसतो. विमा कंपनीत मी अशी माणसं पाहिली आहेत. साहेब, शवविच्छेदनात राखून ठेवलेलं रक्त तपासायला सांगा, विष चहात सापडणार नाही. त्या दुपारी जेवणाची सुट्टी होती, लूम बंद होते. मग जनरेटर कशाला हवा होता? लाईट गेली म्हणून? बाहेरचा पंखा जनरेटरच्या लाईनवर नाही, आणि त्या दुपारी तो फिरत होता. लाईट गेलीच नव्हती. तरी तुम्ही लक्ष्मणला जनरेटर चालू करायला लावलात. योगराजला वर झोपायला तुम्हीच पाठवलंत. आणि माळ्यावरच्या झडपेला आतून काजळी आहे. झडप उघडी असती तर बराचसा धूर बाहेर गेला असता. ती कोणीतरी लावून घेतली होती, आणि नंतर उघडली."

इंदुबाई दारात येऊन उभी होती, हातातली अर्धी साडी तशीच. पंख्याचं ऐकून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"योगराज शेठना सांगणार होता. जनरेटर बाहेर गेला असता तर बायकोसाठी मोकळा केलेला हा ओटा गेला असता, आणि एवढी माणसं पाडल्याबद्दल नोकरीही. तुम्हाला आवाज सहन होत नाही म्हणे! या लूममध्ये तीस वर्षं उभे आहात तुम्ही. जनरेटर चालू होताच बाहेर पळायचात, कारण तो काय करतो ते तुम्हाला माहीत होतं."

"मला कसं माहीत असणार?" पांडुरंगचा आवाज चढला. "मी काय डॉक्टर आहे?"

मयुरीनं स्वातीकडे हात केला. स्वातीनं पहिला, कच्चा रिपोर्ट पुढे धरला. त्यात पहिल्या ओळीत जनरेटर होता. दर तासामागे एकाहून जास्त माणूस.

"हिनं सांगितलं तुम्हाला," मयुरी म्हणाली. "पोळ्याला. पोरं वाचावीत म्हणून शेठनी करायला लावलेला रिपोर्ट तुम्ही वाचलात, आणि जनरेटर बंद केला नाहीत. वापरलात."

इतका वेळ शालिग्रामांना पांडुरंगचा राग आला होता. आता त्याची भीती वाटली.

"हे सगळं बोलणं आहे," पांडुरंग फौजदारांकडे वळून म्हणाला. "पुरावा काय? माझा तर त्या नव्या रिपोर्टवरच विश्वास आहे."

"मलाही तेच हवं होतं," मयुरी शांतपणे म्हणाली. "मग वर चला. उशी आहे, चटई आहे. मामा झडप लावतील आणि कानबाईला तुम्ही केलीत तशीच खटपट करून बाबुराव जनरेटर चालू करतील. तुमच्या रिपोर्टप्रमाणे जनरेटर म्हणजे काहीच नाही, आणि लक्ष्मण तर चौकीत बसलाय. तुम्हाला काही होणार नाही. चहा होईपर्यंत पडा फक्त."

बाबुरावनं सावकाश जाऊन जनरेटरच्या हँडलला हात लावला.

पांडुरंग एक पाऊल मागे सरला. मग दुसरं. त्याची पाठ लूमला लागली. "नको," तो म्हणाला. "हात लावू नकोस त्याला! सगळ्यांना बाहेर काढा आधी."

ते शब्द तोंडातून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. फौजदारांनी त्याचा दंड धरला. इंदुबाईनं त्यांना अडवलं नाही, ती फक्त बाजूला झाली.

शोभाबाई रडत रडत डबा उचलून चौकीकडे निघाली. या वेळी लखन जेवेल, एवढंच ती बोलली. गजेंद्रशेठ उठले, मुकाट्यानं एकेक खिडकी उघडत गेले आणि कोणालाही मदत करू देईनात.

स्वाती मात्र लॅपटॉपसमोर तशीच बसली होती. शालिग्राम तिला घरी सोडायला म्हणून जवळ गेले. पडद्यावर दिवसांच्या ओळी होत्या, शेवटचा रकाना चक्कर आलेल्या माणसांचा. दोन, शून्य, तीन, एक, शून्य. ती सगळ्यात खालच्या ओळीकडे बघत होती.

"मामा, हा तो दिवस," ती शालिग्रामांना म्हणाली. "योगराज गेला तो. मी विचारल्यावर पांडुरंगकाकांनी सांगितलं, त्या दिवशी एकाला त्रास झाला. म्हणून मी इथे एक लिहिलं."

वरच्या कुठल्यातरी ओळीत बाबुरावचाही असाच एक होता, नुसत्या चकरेचा. बाबुराव पलीकडे उभा राहून तोंडावर पाणी मारत होता.